मागची फळी

“मग त्यानं मागं वळून बघितलं का नाही?”

डॉक्टर मॅडमनी हे तिसऱ्यांदा विचारलं.

सटवाजीनाना खाली मान घालून पाईप जोडायच्या क्लॅम्पला तेल लावत बसले होते. एक झाला की बाजूला ठेवायचा, दुसरा घ्यायचा.

“नाना, मी तुम्हाला विचारतेय.”

“ऐकू येतंय, ताई.”

“मग?”

नानांनी पुढचा क्लॅम्प उचलला...

मी स्टोअरच्या दारात स्टुलावर होतो. नाशिकच्या बाहेर, महामार्गाच्या कडेला आमची साइट आहे, चौदा मजल्यांच्या दोन इमारती. स्टोअर माझ्याकडं. दामू म्हणतात मला. पट्टा हवा, पाना हवा, माणसं माझ्याकडं येतात, आणि वस्तू हरवली की शिव्याही मलाच बसतात. त्या दुपारी मी उठून आत जायला हवं होतं. दोन माणसं असं बोलत असताना तिसऱ्यानं बसू नये, एवढी अक्कल मला आहे. तरी बसलो.

नाना परांचीवाले. इमारतीला बाहेरून पाईप आणि फळ्यांचा सांगाडा बांधतात ना, ती परांची. चाळीस वर्षं त्यांनी दुसरं काम केलं नाही. आमच्या भागात परांचीवर चढणारी निम्मी माणसं त्यांच्या हाताखालून गेलेली. कुणाला शिकवायचं म्हटलं की पहिले सहा महिने नुसती गाठ मारायला लावायचे आणि सोडायला लावायचे. माणूस वैतागून पळून गेला तर म्हणायचे, बरं झालं, जिवंत राहील.

लिंबाजी पळाला नाही. आठ वर्षं नानांबरोबर होता. चौदा दिवसांपूर्वी सातव्या टप्प्यावरून खाली आला. सत्तावीस वर्षांचा होता.

आदल्या दिवशी त्याचं तेरावं झालं. ते उरकून नाना रातोरात गावाहून निघाले आणि सकाळी येऊन थेट क्लॅम्प पुसायला बसले. मी चहा दिला, तो तसाच निवला.

आणि मॅडम म्हणजे डॉक्टर सुमेधा आगवेकर. औषधं देणाऱ्या डॉक्टर नाहीत. मेंदूचा अभ्यास करतात. बांधकामावर माणूस कसा वागतो, कुठं घाबरतो, कुठं चुकतो, ते त्याच्या मेंदूतून वाचायचं, असं त्यांचं काम. चार महिन्यांपूर्वी त्यांनी बारा हेल्मेटं आणली. आत एक पट्टी, पट्टीला बटणांसारखे सेन्सर. मेंदूत जे चालतं त्याच्या लहरी त्यातून निघून मॅडमच्या लॅपटॉपवर उमटायच्या. रोज सकाळी मी ती नंबरवार वाटायचो, संध्याकाळी पुसून परत घ्यायचो.

बाई हुशार, यात वाद नाही. पण पहिल्याच दिवशी सगळ्या कामगारांना बसवून म्हणाल्या होत्या, “तुमच्या डोक्यात काय चालतं ते तुमच्यापेक्षा मला आधी कळेल.” माणसं हसली. मला ते वाक्य लागलं होतं. खरं सांगतो, त्या दिवसापासून मी बाईंवर जरा खार खाऊनच होतो.

आता त्याच बाई उन्हात, उलट्या घमेल्यावर बसून एका म्हाताऱ्याला विचारत होत्या.

“त्याचा आलेख मी शंभर वेळा पाहिलाय, नाना. सतत पाहतेय.”

“मग दिसलं असंल की.”

“काहीच दिसत नाही. धोका जाणवला की मेंदूत एक उसळी येते. प्रत्येकाच्या येते. अनुभवी माणसाच्या तर पाऊल पडायच्या आधीच येते. लिंबाजीच्या आलेखात ती नाही. एकदम सपाट. घराच्या अंगणात चालावं तसा तो त्या रिकाम्या जागेवर पाऊल टाकतो.”

“बरं.”

“बरं काय? आठ वर्षांचा अनुभव असलेला माणूस, सातवा टप्पा, मागची फळी काढलेली, आणि मेंदूत एक रेघ हलत नाही. असं होत नाही.”

“झालं ना.”

मॅडम घमेल्यावर पुढं सरकल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “पाच वाजेपर्यंत मला अहवाल पाठवायचाय. त्यात एक रकाना आहे, अपघाताचं कारण. मी लिहिलंय, कामगाराचं लक्ष नव्हतं.”

नानांचा हात थांबला.

“नियम आहे नाना. मागं पाऊल टाकण्याआधी वळून बघायचं. प्रत्येकानं स्वतः बघायचं. सह्या आहेत सगळ्यांच्या. त्याचीही आहे.”

“आहे.”

“त्यानं बघितलं नाही. चूक त्याची ठरते. मी काय करू?”

“मग पाठवा की. माझ्याकडं कशाला आलात?”

मॅडमनी लॅपटॉपची बॅग मांडीवर ओढून घेतली.

मला त्या वेळी त्यांचा राग आला. ते कागद गावाला जाणार होते. त्याच्या बापाला कुणीतरी वाचून दाखवणार होतं, तुमचा पोरगा स्वतःच्या बेसावधपणानं गेला. त्याची बायको सोजर आयुष्यभर तेच ऐकणार होती. आणि पोर मोठं झाल्यावर त्यालाही तेच सांगणार, तुझा बाप बघून चालत नव्हता.

नानांनी हात फडक्याला पुसले आणि उठले. गुडघे वाजले ते मला स्टुलावर ऐकू आलं.

“ताई, एक काम करता?”

“काय?”

“तो पाईप तिकडं भिंतीपाशी न्यायचाय. एकट्याला झेपत नाही. एक टोक धरा.”

वीस फुटी पाईप होता. मी उठायला लागलो तर नानांनी माझ्याकडं नुसतं बघितलं. मी परत बसलो.

मॅडमनी ओढणी कमरेला खोचली, टोक धरलं.

“तुम्ही भिंतीकडं पाठ करा, मागं मागं चालत जा. मी पुढून येतो.”

“ठीक.”

“आणि बोलायचं नाही.”

“म्हणजे?”

“जसं आम्ही करतो तसं. तोंड बंद.”

मॅडम चालायला लागल्या. एक पाऊल, दुसरं पाऊल. पाईप जड होता, त्यांचं सगळं लक्ष हातात. डोळे नानांच्या तोंडावर. नानाही त्यांच्याकडंच बघत चालले होते, सावकाश, कसलीही घाई नाही.

त्यांच्या मागं मिक्सर धुण्याचा खड्डा होता. मला दिसत होता. नानांना दिसत होता.

मी तोंड उघडलं. नानांनी डावा हात नुसता वर केला, आणि मी तोंड मिटलं. आज आठवलं की माझी मलाच लाज वाटते, किती सोपं असतं गप्प बसणं.

मॅडमचा पाय खड्ड्यात गेला. मांडीपर्यंत राड. पाईपचं टोक सुटून दगडावर आपटलं.

“नाना! सांगायचं ना!”

“कसं सांगू?”

...

मॅडम खड्ड्यात तशाच उभ्या राहिल्या. सिमेंटचं करडं पाणी सलवारीवरून वर चढत होतं.

नानांनी विचारलं, “मागं बघायला कुणी अडवलं होतं का?”

“नाही.”

“मग का नाही बघितलं?”

“तुम्ही समोर होतात,” मॅडम चिडूनच म्हणाल्या. “तुम्हाला दिसत होतं. मी धरून चालले की तुम्ही बघताय...”

पुढचं वाक्य त्यांच्या तोंडातून आलंच नाही.

नानांनी हात दिला. त्यांनी तो घेतला आणि वर आल्या. मी मग्यानं पाणी घातलं पायांवर. मला वाटलं होतं, बाईंची जिरली की मला बरं वाटेल. अजिबात वाटलं नाही.

नाना परत क्लॅम्पच्या ढिगापाशी जाऊन बसले.

“परांची उतरवताना दोघं असतात, ताई. वरचा आणि खालचा. वरचा भिंतीकडं तोंड करून खोलत येतो, मागं मागं सरकतो. खालचा एक टप्पा खाली असतो, फळ्या काढून घेतो. वरच्यानं मागं बघायचं नसतं.”

“नसतं?”

“मान वळली की तोल जातो. हात क्लॅम्पवर, नजर क्लॅम्पवर. कमरेच्या पट्ट्याचा हूक एका पाईपवरून काढून दुसऱ्यावर घालायचा, तो क्षण तर फार वाईट. म्हणून वरचा विचारतो, ‘मागं?’ खालचा सांगतो, ‘आहे.’ मग पाऊल टाकायचं. ‘मागं?’ ‘नाही, थांब.’ मग थांबायचं. दिवसात पाचशे वेळा. माझ्या उस्तादानं मला असंच शिकवलं, मी लिंबाजीला तसंच शिकवलं. पहिल्या वर्षी तो चोरून मागं बघायचा. मी मुस्काटात मारायचो. म्हणायचो, मी खाली मेलोय का?”

मॅडमचा चेहरा उतरत गेला ते मी बघत होतो.

कारण बोलणं त्यांनीच बंद केलं होतं.

बोललं की जबडा हलतो. जबडा हलला की आलेखात नुसता कचरा येतो, मेंदूचं काही वाचता येत नाही. म्हणून नोंद चालू असेपर्यंत कुणी बोलायचं नाही, तंबाखू चघळायची नाही, हाक मारायची नाही. कुणीतरी विचारलं होतं, पाईपवर पान्यानं ठोकलं तर चालेल का? मॅडम म्हणाल्या, नको, आवाजानं मेंदू दचकतो. प्रत्येकानं स्वतःच्या डोळ्यांनी मागं बघावं, दुसऱ्यावर अवलंबून राहायची सवय मोडायला हवी. ऐकायला किती बरोबर वाटतं. मलाही वाटलं होतं. माना डोलावणाऱ्यांत मी पुढं होतो.

पहिल्या आठवड्यात सवयीनं सगळ्यांच्या तोंडून शब्द जायचे. मग नोंद वाया, परत पहिल्यापासून. हळूहळू साइट गप्प झाली.

“मला हे कुणी सांगितलं नाही,” मॅडम म्हणाल्या. “‘मागं?’ विचारायचं, उत्तर द्यायचं... मला वाटायचं ती नुसती बडबडायची सवय आहे.”

“सांगायला तोंड बंद होतं,” मी म्हणालो.

नानांनी माझ्याकडं रागानं बघितलं. ठीक आहे. मला राहवलं नाही.

समोरच्या दुसऱ्या इमारतीवर माणसं परांची उतरवत होती. हेल्मेटं उन्हात चमकत होती.

मग मॅडमनी मान वर केली.

“नाना, त्या दिवशी खाली कोण होतं?”

नानांनी एक क्लॅम्प उचलला, परत खाली ठेवला.

“लिंबाजीच्या खाली, सहाव्या टप्प्यावर. कोण होतं?”

मला ठाऊक होतं. साइटवर सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त विचारायला तोंड कुणाला नव्हतं.

“मी,” नाना म्हणाले.

“फळी...”

“मीच काढली. तिसरी आधी काढायची, चौथी नंतर. चौथीचा क्लॅम्प वाकला होता, म्हणून ती आधी घेतली. लिंबाजीला ठाऊक नव्हतं.”

“तुमच्या डोक्यावर हेल्मेट होतं?”

“सात नंबर,” मी म्हणालो. मीच दिलं होतं.

मॅडमनी लॅपटॉप उघडला. दोनदा चुकीचं काहीतरी उघडलं. चौदा दिवस बाई एकाच डोक्यात शोधत होत्या. सात नंबरकडं त्यांनी बघितलंच नव्हतं. कशाला बघतील? सात नंबरला काही झालं नव्हतं.

पडद्यावर बारीक बारीक रेघा आल्या. मी त्यांच्या मागं जाऊन उभा राहिलो. अकरा वाजून एकेचाळीस मिनिटं. रेघा शांत. मॅडम सरकवत गेल्या. अकरा बेचाळीस.

आणि तिथं सगळ्या रेघा एकदम वर गेल्या.

मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण ते मलासुद्धा कळलं.

मॅडमनी बाजूला लिंबाजीची रेघ लावली. सपाट. सपाट. मग खूण, इथं पाऊल टाकलं.

“दोन सेकंद,” त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. “तुमच्या डोक्यात दोन सेकंद आधी... नाना, तुम्हाला दिसलं होतं.”

“दिसलं होतं.”

“दोन सेकंद.”

“मोजली नाहीत मी. लई वेळ होता. ‘नाही, थांब’ एवढं म्हणायला लई वेळ होता.”

मॅडमनी पडद्यावर बोट ठेवलं. उसळी आली होती, आणि तिच्याशेजारी जबड्याची रेघ होती. ती हलली नव्हती. दात आवळून धरल्यावर येते तेवढी बारीक थरथर, बाकी काही नाही.

“का नाही ओरडलात?”

हा प्रश्न विचारायला नको होता, असं मला वाटलं. पण त्या रडवेल्या झाल्या होत्या, आणि माणूस तसा झाला की विचारतोच.

नानांनी तेलाचं फडकं घडी केलं. परत उलगडलं.

“आदल्या दिवशी लिंबाजी मला बोलला होता. म्हणाला, नाना, तुमच्या तोंडापायी माझी नोंद वाया जाते. मॅडम म्हणाल्यात, लिंबाजीसारखा स्वच्छ आलेख साऱ्या साइटवर कुणाचा नाही.”

“मी म्हणाले होते,” मॅडम म्हणाल्या.

“तुम्ही त्याला कागदावर काढून दिला होता ना तो आलेख.”

“हो.”

“प्लॅस्टिकमध्ये घालून खिशात ठेवायचा. सगळ्यांना दाखवायचा, हे बघा माझं डोकं. शाळेत चौथीला नापास झालेलं पोरगं, ताई. त्याला जन्मात कुणी स्वच्छ म्हटलं नव्हतं.”

...

“काल तेराव्याला सोजरनं तो कागद फोटोशेजारी ठेवला होता. कुंकू लावलेलं. मला म्हणाली, नाना, तुम्ही एवढं शिकवलं त्यांना, पण डोकं किती हुशार ते त्या बाईंनी ओळखलं.”

मॅडमनी तोंडावर हात घेतला. रडल्या. मी दुसरीकडं बघितलं. मघाशी मला या बाईंचा राग होता. आता रागाचं काय करावं तेही कळेना. कुणावर काढायचा? यात वाईट माणूस एकही नव्हता, आणि पोरगा तर गेलाच होता.

“त्या दिवशी हूक बदलायला म्हणून काढून तो मागं सरकायला लागला,” नाना सांगत होते, “आणि शब्द आला वर. इथंपर्यंत आला. आणि मला वाटलं, नोंद चालू आहे. आज वाया गेली तर पोरगं चिडंल. वळंल तो. सही केलीय ना, बघंल.” नानांनी घशाला हात लावला. “गिळला मी. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.”

दुरून महामार्गावरच्या ट्रकचे आवाज येत होते. साइटवरून काहीच येत नव्हतं. पूर्वी या वेळेला इतका कालवा असायचा की फोनवर बोलता यायचं नाही. दोन्ही इमारतींवरून नुसतं ‘मागं?’ ‘आहे.’ ‘मागं?’ ‘आहे.’ मी वैतागायचो. कान किटले म्हणायचो.

मॅडमच्या ते एकदम लक्षात आलं असावं. त्यांनी समोरच्या परांचीकडं बघितलं आणि फोन काढला.

साइट मॅनेजरला लावला. आम्हाला ऐकू येईल असा.

“बोलण्याची बंदी उठवा,” त्या म्हणाल्या. “आत्ता. या मिनिटाला. सगळी हेल्मेटं उतरवा.”

“काय झालं, मॅडम?”

“माझी चूक झालीय. माणसं एकमेकांना विचारून चालतात. ते बंद करायला नको होतं. मी लेखी देते.”

“अहो मॅडम,” मॅनेजर गोड बोलतो, गोड बोलायचाच पगार घेतो, “हेल्मेटं उतरवायची तर उतरवा, तुमची आहेत. पण ती बंदी आता आमच्या नियमांत घातलीय. गोंगाट गेला, गप्पा गेल्या, काम नऊ दिवस पुढं आहे. वरचे साहेब तर म्हणाले, बाकीच्या साइटवरही लावा. तुमचंच नाव आहे त्यावर. अभिनंदन करायचं राहिलं होतं.”

“त्या बंदीनं माणूस मेलाय.”

“त्याचं लक्ष नव्हतं ना, मॅडम. सकाळी तुम्हीच सांगितलंत. अहवाल पाठवा तेवढा पाचला.”

फोन बंद झाला.

मॅडम फोनकडं बघत राहिल्या...

मी इतक्या वर्षांत बांधकामावर बरंच बघितलंय. माणसं पडताना बघितलीत, भिंती खचताना बघितल्यात. पण एवढी शिकलेली बाई अशी रिकामी झालेली नव्हती बघितली. मी पाणी दिलं. प्यायल्या नाहीत.

“मी सगळं लिहीन,” त्या म्हणाल्या. “खरं ते लिहीन. बंदी माझी, चूक माझी.”

नानांनी पुढचा क्लॅम्प जवळ ओढला.

“सात नंबरची नोंद जोडीन. त्याशिवाय कुणाला पटणार नाही.”

आणि मग त्या स्वतःच थांबल्या. हुशार होत्या, पुढचं त्यांना आमच्याआधी दिसलं.

“नाही,” त्या म्हणाल्या. “ते माझा नियम बघणार नाहीत. ते ही उसळी बघतील. म्हणतील, खालच्या माणसाला दोन सेकंद आधी दिसलं होतं. फळी त्यानंच काढली होती. आणि तो गप्प बसला.”

“खरंच आहे ते,” नाना म्हणाले.

“नाना, तुम्हाला कळतंय का मी काय म्हणतेय? ते सगळं तुमच्यावर घालतील. पोलीस येतील. नियम तसाच राहील, कंपनी तशीच राहील, मी फार तर परत विद्यापीठात जाईन. आत जाल ते तुम्ही.”

“जाईन.”

“या वयात?”

नानांनी खांदे उडवले.

मॅडम लॅपटॉपकडं वळल्या. चेहऱ्यावर काहीतरी ठरवल्यासारखं होतं, आणि मला ते आवडलं नाही. म्हणजे आवडलंही. नाना वाचणार होते, आणि मला नाना वाचायला हवे होते. खोटं कशाला बोलू?

“ही नोंद फक्त माझ्याकडं आहे,” त्या म्हणाल्या. “आज पहिल्यांदा उघडली. आपल्या तिघांशिवाय कुणी बघितलेली नाही. मी पुसून टाकते.”

“नाना, होऊ द्या,” मी म्हणालो.

नानांनी माझ्याकडं बघितलं नाही. ते पडद्याकडं बघत होते. जवळ आले, वाकले, डोळे बारीक करून त्या उसळीकडं बघितलं.

“हे माझं डोकं?”

“हो.”

“इथं मी त्याला बघितलं?”

“हो, नाना. बरोबर इथं.”

नाना बराच वेळ बघत राहिले. त्यांनी करंगळीनं त्या रेघेला हात लावला, तेलाचा डाग पडला पडद्यावर. मॅडमनी पुसला नाही.

“हे पुसलं तर काय राहील?”

“लिंबाजीची नोंद राहील. सपाट आहे ती.”

“आणि कागदावर?”

मॅडमनी मान फिरवली.

“वाचा, ताई. काय राहील ते वाचा.”

मॅडमनी अहवाल उघडला. चार वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

“नाव, लिंबाजी. वय, सत्तावीस. काम, परांची. अपघाताचं कारण...” त्या थांबल्या. “अपघाताचं कारण, कामगाराचं लक्ष नव्हतं.”

समोरच्या इमारतीवर एक माणूस भिंतीकडं तोंड करून उभा होता. एक पाऊल मागं सरकला. खालचा वर बघत होता. दोघंही गप्प.

नोंद पुसायच्या बटणापाशी टेकलेला मॅडमचा हात नानांनी उचलून बाजूला केला, अगदी हळू.

“लक्ष होतं, ताई. त्यानं ते माझ्यापाशी ठेवलं होतं.”